जहाजावरच्या वरखर्चाची तरतूद आधीच किती आणि कशी करावी?

सांगलीकर_आजोबा

नमस्कार. मी सांगलीचा असून बँकेच्या नोकरीतून निवृत्त होऊन मला सात वर्षे झाली. मुलगी, जावई, तेरा वर्षांची नात आणि आठ वर्षांचा नातू न्यू जर्सीत एडिसन येथे राहतात. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही दोघे तिकडे असणार आहोत, म्हणून मुलीने रॉयल कॅरिबियनच्या सात रात्रींच्या क्रूझचे आरक्षण केले आहे. जहाज बेयॉन येथील केप लिबर्टी बंदरातून सुटते आणि फ्लोरिडातील पोर्ट कॅनव्हरल, कंपनीचे बहामातील खासगी बेट कोकोके आणि नासाऊ अशी तीन ठिकाणे करून परत येते. आम्ही सहा जण आहोत आणि खोल्या दोन आहेत.

तिकिटाचे सगळे पैसे मुलीने भरले आणि त्याबद्दल ती एक शब्दही ऐकून घ्यायला तयार नाही. तेव्हा जहाजावर चढल्यापासून उतरेपर्यंतचा वरखर्च माझा, एवढे मी तिच्याकडून कबूल करून घेतले. सौभाग्यवतींनी त्याला आणखी एक कारण जोडले. यंदा अधिक महिना आहे आणि परदेशातल्या जावयाला वाण पोहोचवायचे राहून गेले आहे, ते या निमित्ताने पोहोचेल, असे त्या म्हणतात. इथपर्यंत सगळे ठीक झाले, परंतु प्रत्यक्ष आकडा काढायला बसलो तेव्हा लक्षात आले की हा वरखर्च कशाकशाचा असतो, हेच मला माहीत नाही.

मुलगी म्हणते, ‘बाबा, जेवणखाण तिकिटातच आहे, फारसा खर्च होत नाही.’ याउलट आमच्या सकाळी फिरणाऱ्या मंडळींपैकी एक गृहस्थ गेल्या वर्षी दुसऱ्या एका कंपनीच्या जहाजावर जाऊन आले, त्यांना शेवटच्या दिवशी हाती पडलेले बिल तिकिटाच्या जवळपास निम्मे होते. दोघेही खरे बोलत असणार, म्हणूनच मी गोंधळलो आहे. चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या खर्चाचे अंदाज तपासले आणि आता स्वतःचा अंदाज करता येत नाही, ही थोडी लाजेचीच गोष्ट आहे.

ज्यांनी असा प्रवास केला आहे त्यांनी कृपया सांगावे की तिकिटात नेमके काय धरलेले असते, आधी भरून टाकण्यासारखे काय आहे, जहाजावर पैसे कसे दिले जातात आणि भारतातून पैसे कोणत्या स्वरूपात न्यावेत. आम्ही दोघे मद्य घेत नाही आणि तो महिना श्रावणाचा असल्याने कांदा-लसूणही वर्ज्य असेल. जावई सायंकाळी एखादा पेला घेतात, त्याला आमची हरकत नाही.

---

एडिसनची_लेक

काका, नमस्कार. मी तुमच्या मुलीच्याच गावात राहते आणि याच बंदरातून दोनदा आईवडिलांना घेऊन गेले आहे, त्यामुळे तुमचा प्रश्न घरचाच वाटला. तुमची मुलगी खोटे बोलत नाही, फक्त ती जेवणापुरते बोलते आहे.

तिकिटात मोठे भोजनगृह, बुफे, पिझ्झा, सकाळचे रस, साधा चहा आणि कॉफी, पाणी, लेमोनेड, नाटके आणि कार्यक्रम, पोहण्याचे तलाव आणि लहान मुलांचा क्लब एवढे येते. शाकाहारी मंडळींची उपासमार होत नाही. पहिल्याच रात्री मोठ्या भोजनगृहातील मुख्य वाढप्याला कांदा-लसूण नको हे सांगून ठेवावे, म्हणजे दुसऱ्या दिवसापासून वेगळी भाजी आणि वरण मिळू शकते. त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत.

तिकिटात जे येत नाही त्यातील सर्वांत मोठी आणि सर्वांत निश्चित रक्कम म्हणजे सेवकवर्गाची टिप, जिला तिकडे ग्रॅच्युइटी म्हणतात. तुम्ही निवृत्त बँकवाले असल्याने त्या शब्दाचा वेगळा अर्थ डोक्यात येईल, म्हणून आधीच सांगते. माझ्या मागच्या सफरीत साध्या खोल्यांसाठी ती माणशी दर दिवशी १८.५० डॉलर होती, मुलांनाही तेवढीच होती आणि स्वीट, म्हणजे मोठी ऐसपैस खोली घेतली तर थोडी जास्त होती. तुमच्या सहा जणांची सात दिवसांची ही रक्कम ७७७ डॉलर होते. मुलीने ती आरक्षणाच्या वेळीच भरली आहे का, हे आधी विचारून घ्या, कारण भरली नसेल तर ती रोज थोडी थोडी जहाजावरच्या खात्यावर चढत जाते आणि तुमच्या फिरणाऱ्या मित्रांना बसला तसा धक्का शेवटी बसतो.

दुसरी गोष्ट अशी की छापील किंमत ही शेवटची किंमत नसते. पेये, स्पा आणि विशेष उपाहारगृहांतील जेवण यांवर १८ टक्के सेवाशुल्क आपोआप लागते. चौदा डॉलरचा कॉकटेल प्रत्यक्षात १६.५२ डॉलरला पडतो. जहाज अमेरिकेच्या बंदरात उभे असेल तेव्हा काही खरेदीवर त्या राज्याचा विक्रीकरही लागू शकतो. म्हणून अंदाज करताना मेन्यूवरचा आकडा न धरता त्यात पाचवा हिस्सा मिळवूनच धरावा.

जावयांच्या पेयांसाठी सरसकट मद्याचे पॅकेज घेण्याचा मोह होईल, तिथे मात्र थोडे थांबावे. पॅकेजची किंमत प्रत्येक सफरीला निराळी असते. उदाहरणादाखल दिवसाला ८० डॉलर धरले तर सेवाशुल्कासह ते ९४.४० डॉलर होतात, म्हणजे वरच्या दराने रोज सहा पेये घेतली तरच पैसे वसूल होतात, आणि तेही किनाऱ्यावर फिरायला गेलेल्या दिवसांसकट. शिवाय एका खोलीतील एका प्रौढाने हे पॅकेज घेतले की त्या खोलीतील एकवीस वर्षांवरील सर्वांनी ते घ्यावे लागते, त्यामुळे मुलीचेही पैसे भरावे लागतील. सायंकाळी एखादा पेला घेणाऱ्या माणसाने प्रत्येक पेल्याचे वेगळे पैसे देणेच बरे. चढण्याच्या दिवशी प्रत्येक प्रौढ प्रवाशाला वाइनची एक ७५० मिलिलिटरची सीलबंद बाटली सोबत नेता येते, हेही त्यांच्या कानावर घाला.

तिसरा विषय इंटरनेटचा. तो दिवसाच्या आणि उपकरणाच्या हिशेबाने विकला जातो आणि आधी घेतला तर जहाजावरच्यापेक्षा स्वस्त पडतो. सहा जणांना सहा जोडण्या लागत नाहीत, एक किंवा दोन पुरतात. कंपनीचे अॅप जहाजाच्या वाय-फायवर पॅकेज न घेताही चालते आणि त्यावर खात्यातील रोजचा खर्च दिसतो. येथे माझी स्वतःची चूक सांगते. पहिल्या सफरीत माझ्या वडिलांचा भारतातील फोन विमान मोडवर टाकायचा राहिला, खुल्या समुद्रात त्याने जहाजाच्या मोबाइल जाळ्याशी परस्पर जोडून घेतले आणि घरच्या मंडळींचे फोटो तेवढे आपोआप उतरत राहिले. घरी परतल्यावर जे बिल आले ते पाहून बाबा दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. समुद्रातले रोमिंग नेहमीच्या आंतरराष्ट्रीय रोमिंगच्या पॅकमध्ये बहुधा धरलेले नसते. जहाज धक्का सोडण्याआधी सहाही फोन स्वतःच्या हाताने विमान मोडवर टाकावेत.

किनाऱ्यावरच्या खर्चाविषयी थोडक्यात सांगते. कोकोकेवर बरेचसे जेवण, खुर्च्या आणि समुद्रकिनारा तिकिटातच आहे. उंच घसरगुंड्यांचे जलउद्यान, फुग्यातून वर जाणे आणि खासगी किनारे यांना वेगळे पैसे पडतात, आणि तेही थोडेथोडके नाहीत. नातीला आणि जावयांना जलउद्यानात पाठवावे आणि बाकीच्यांनी फुकटच्या किनाऱ्यावर बसावे. नासाऊत धक्क्यावरून चालतच गाव पाहता येते. खडकात खोदलेला राणीचा जिना आणि गवती वस्तूंचा बाजार हे दोन्ही चालत जाण्याच्या टप्प्यात आहेत. बहामी डॉलर अमेरिकी डॉलरच्या बरोबरीचा असून अमेरिकी नोटा सगळीकडे चालतात, त्यामुळे तिथे चलन बदलण्याची भानगड नाही. पोर्ट कॅनव्हरलहून केनेडी अंतराळ केंद्र वीसेक मैलांवर आहे आणि आठ वर्षांच्या मुलाला तिथले सॅटर्न रॉकेट आणि अटलांटिस यान दाखवले नाही तर तो मोठेपणी तुम्हाला माफ करणार नाही. या एका ठिकाणी हात आखडू नका.

---

दर्यावर्दी_वेंगुर्ला

काकांना नमस्कार. मी मूळचा वेंगुर्ल्याचा असून अकरा वर्षे वेगवेगळ्या क्रूझ जहाजांवर आधी वाढपी आणि नंतर बारमध्ये नोकरी केली. आता किनाऱ्यावर आहे. वरच्या ताईंनी दर बरोबर सांगितले आहेत, मी दुसऱ्या बाजूने, म्हणजे ट्रे हातात धरणाऱ्याच्या बाजूने थोडे सांगतो.

जहाजावर रोख पैसा चालत नाही, कार्ड चालते. चढताना प्रत्येकाला एक कार्ड मिळते, तेच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र आणि तेच पैशाचे पाकीट. आपल्याकडे दुकानात पाचशेची नोट मोडताना हात एक क्षण थांबतो, तो क्षणच या कार्डाने नाहीसा होतो. माझ्या अनुभवात माणसांची बिले एखाद्या मोठ्या खरेदीने फुगत नाहीत, ती दिवसातून पाच-सात वेळा पुढे केलेल्या कार्डाने फुगतात. आठवण म्हणून घरी नेण्याच्या रंगीत पेल्यात दिलेले सरबत, सकाळची फेसाळ कॉफी, खोलीतल्या फ्रिजमधली बाटली, मुलांच्या खेळयंत्रांवरची वीस-वीस सेकंदांची मौज आणि रात्री कोणाला भूक लागली म्हणून खोलीत मागवलेली डिश, ही त्यांतील नेहमीची नावे. खोलीत जेवण मागवले तर साधा नाश्ता वगळता आणून देण्याचे शुल्क पडते, हे अनेकांना बिल पाहिल्यावर समजते.

त्यामुळे तुम्ही आकडा कितीही नीट काढलात तरी कोणाच्या कार्डावर खर्च करता येईल हे ठरवले नाही, तर त्या आकड्याला अर्थ राहत नाही. दोन्ही मुलांची कार्डे पाहुणे-सेवा कक्षात जाऊन पहिल्याच दिवशी बंद करून घ्या किंवा त्यांवर मर्यादा घाला. ही सोय असते आणि मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही. तेरा वर्षांच्या मुलीला पूर्ण बंदी अपमानास्पद वाटेल, म्हणून तिला आठवड्याची एक रक्कम ठरवून द्यावी आणि ती संपली की संपली. मुलांचा क्लब दिवसभर मोफत असतो, पण रात्री दहानंतर तिथे मूल ठेवल्यास तासाप्रमाणे पैसे लागतात, हेही मुलीला सांगा.

पहिला दिवस आणि शेवटचा दिवस हे विक्रीचे दिवस असतात. पहिल्या दिवशी बुफेच्या वाटेवर पॅकेजवाली आणि स्पावाली मंडळी हसतमुखाने उभी असतात. ती आमचीच भावंडे आहेत, त्यांना त्यांचे उद्दिष्ट गाठायचे असते, त्यांना नमस्कार करून पुढे जावे. स्पामध्ये मालिश संपल्यावर तेल आणि मलमांची यादी हातात देतात, ती न वाचता परत करावी. शेवटच्या दिवशी दुकानांबाहेर मेजे मांडून इंचावर सोन्याची साखळी विकतात. काकूंना आधीच सांगून ठेवा की ते बहुतेक वेळा हलक्या धातूवर चढवलेले सोने असते. सांगलीच्या सराफाकडे ते नेले तर तो काय म्हणेल, याची कल्पना तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली आहे. कॅसिनोत खात्यावरून पैसे उचलले तर त्यावर वेगळे शुल्क लागते. छायाचित्रकार पावलोपावली फोटो काढतात आणि फोटो काढून घ्यायला पैसे नसतात, विकत घ्यायलाच असतात. सगळ्या कुटुंबाचा नीट आलेला एक फोटो निवडून घ्यावा आणि बाकीचे तिथेच राहू द्यावेत.

आणखी एक खर्च कोणीच अंदाजात धरत नाही. जहाजावर डॉक्टर असतो, पण तो मोफत नसतो. तपासणीचे आणि औषधाचे पैसे सरळ खात्यावर चढतात आणि विमा कंपनीकडून ते नंतर पावती दाखवून आपले आपण मागायचे असतात. तुमच्या वयाचा विचार करता भारतातून काढलेल्या प्रवास विम्यात क्रूझ आणि समुद्रातून हलवण्याचा खर्च येतो का, हे विमापत्रात डोळ्यांनी वाचून घ्या. नेहमीच्या गोळ्या आठवड्यापेक्षा जास्त पुरतील एवढ्या हातातल्या पिशवीत ठेवा.

---

काटकसरी_नागपूर

एवढी ७७७ डॉलरची टिप देण्याची सक्ती कशासाठी? पाहुणे-सेवा कक्षात जाऊन ती कमी करता येते किंवा काढूनही टाकता येते, असे मी ऐकले आहे. त्यापेक्षा ज्या माणसाने प्रत्यक्ष सेवा केली त्याच्या हातावर शेवटच्या दिवशी वीस डॉलर ठेवावेत. त्यात पैसेही वाचतात आणि ते योग्य माणसाला मिळतात.

---

दर्यावर्दी_वेंगुर्ला

करता येते, हे खरे आहे. पण ते पैसे कुठे जातात, हे पाहून मग ठरवावे. जहाजावरच्या वाढप्याचा आणि खोल्या आवरणाऱ्याचा ठरलेला पगार लहान असतो आणि त्याच्या घरी जाणाऱ्या पैशाचा मोठा भाग या टिपांतून येतो. तुम्हाला जो माणूस दिसतो त्याच्या मागे ताटे धुणारा, चादरी धुणारा आणि पहाटे चार वाजता पाव भाजणारा असे न दिसणारे कितीतरी जण असतात, आणि त्यांच्यातील अनेकांचा या सामायिक रकमेत वाटा असतो. ती काढून एकाच्या हातावर वीस डॉलर ठेवले तर बाकीच्यांचे ताट रिकामे राहते. तुम्ही चढाल त्या जहाजावर गोव्याचा, मुंबईचा किंवा आमच्या सिंधुदुर्गाचा कोणी ना कोणी भेटेलच. त्याच्याशी मराठीत बोलून त्याच्या टिपेवर काट मारणे कोणाला जमेल असे मला वाटत नाही. सेवा खरोखरच वाईट असेल तर तक्रार जरूर करावी. पैसे वाचवण्याचे ते साधन नव्हे, आणि अंदाजपत्रकात ही रक्कम तिकिटाचाच भाग म्हणून धरावी.

---

हिशेबनीस_पुणे

आतापर्यंत खर्चाच्या बाजूवर चर्चा झाली, मी पैसे देण्याच्या बाजूवर लिहितो, कारण काकांचा शेवटचा प्रश्न अनुत्तरित राहिला आहे.

जहाजावरचे खाते कोणत्या तरी कार्डाशी जोडावे लागते आणि कंपनी त्या कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवते. डेबिट कार्ड दिले तर तुमच्या खात्यातील खरे पैसे अडकतात आणि सफर संपल्यावरही ते मोकळे व्हायला काही दिवस लागतात. म्हणून डेबिट कार्ड जोडू नये. भारतातील क्रेडिट कार्ड जोडायचे असेल तर दोन गोष्टी पाहाव्यात. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमांप्रमाणे नवी कार्डे केवळ देशांतर्गत वापरासाठी सुरू असतात आणि परदेशातील वापर ग्राहकाने स्वतः सुरू करावा लागतो. काका बँकेतले आहेत, त्यांना हे ठाऊक असेल, परंतु ठाऊक असणारेच विसरतात. दुसरे असे की बहुतेक कार्डांवर परकीय चलनाच्या व्यवहारावर ३.५ टक्के अधिभार असतो आणि त्या अधिभारावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे एकूण ४.१३ टक्के. हजार डॉलरमागे एक्केचाळीस डॉलर असेच जातात. यापेक्षा कमी अधिभाराची कार्डेही बाजारात आहेत, ती असतील तर जरूर वापरावीत. कुठेही यंत्राने रुपयांत द्यायचे की डॉलरमध्ये असे विचारले तर डॉलरच निवडावे, कारण रुपयांचा पर्याय सोयीचा दिसला तरी त्यातला विनिमय दर आपल्या तोट्याचा असतो.

माझ्या मते तुमच्या बाबतीत सर्वांत सोपा मार्ग असा की खाते मुलीच्या अमेरिकी कार्डाशी जोडावे, त्यावर अधिभाराचा प्रश्नच येत नाही, आणि तुम्ही डॉलरच्या नोटा नेऊन तिच्या हातात द्याव्यात. भारतातून जाणाऱ्या प्रवाशाला एका फेरीला तीन हजार डॉलरपर्यंत रोख नोटा घेता येतात आणि तुम्ही दोघे आहात, म्हणजे मर्यादेची अडचण येणार नाही. बँकेतून किंवा अधिकृत चलन विक्रेत्याकडूनच घ्या. पन्नास हजार रुपयांवरील रक्कम रोखीने देता येत नाही, ती खात्यातून द्यावी लागते. उद्गम कराची, म्हणजे टीसीएसची चिंता करू नका, कारण १ एप्रिल २०२५ पासून अशा खर्चासाठी वर्षाला दहा लाख रुपयांपर्यंत तो लागत नाही. पावती मात्र जपून ठेवा.

मुलगी पैसे घ्यायलाच नकार देत असेल, आणि तिच्या स्वभावाच्या वर्णनावरून ती देईलच असे दिसते, तर जहाजावर गेल्यावर पाहुणे-सेवा कक्षात रोख रक्कम तिच्या खात्यात जमा करता येते. त्या वेळी ती हरकत घ्यायला तिथे नसावी, एवढी वेळ साधावी.

आधी घेण्याच्या गोष्टींविषयी एक पुरवणी जोडतो. कंपनीच्या संकेतस्थळावर इंटरनेट, जलउद्यान आणि विशेष जेवण यांचे भाव सुटण्याच्या तारखेपर्यंत वरखाली होत असतात. आज घेतलेले आरक्षण भाव उतरला तर रद्द करून नव्या भावाने घेता येते. मुलीला आठवड्यातून एकदा पाहायला सांगा, किंवा तुम्हीच पाहा. निवृत्त माणसाला यासारखा दुसरा विरंगुळा नाही.

---

सांगलीकर_आजोबा

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे छापून घेतली आणि काल रात्री मुलीशी तासभर बोललो. टिप भरलेली नव्हती. ‘शेवटी एकदम देऊ म्हटलं होतं,’ असे ती म्हणाली, तेव्हा ताईंचा इशारा किती वेळेवर आला ते समजले.

आता माझा कागद असा झाला आहे. टिपेचे ७७७ डॉलर, दोघांच्या जलउद्यानाचे २५० आणि एका जोडणीच्या इंटरनेटचे १४० धरले आहेत. मुलगी आणि जावई यांच्या लग्नाचा वाढदिवस त्याच आठवड्यात येतो, म्हणून त्यांच्या एका विशेष जेवणाला सेवाशुल्कासह १५० ठेवले. हे १,३१७ डॉलर सुटण्याआधीच भरून होतील. यांतील काही आकडे आजच्या भावाने आहेत, उतरले तर आनंदच आहे. किनाऱ्यावर अंतराळ केंद्राची तिकिटे आणि गाडी मिळून ४५० आणि नासाऊला ६० धरले. प्रत्यक्ष जहाजावरच्या खात्यावर जावयांची रोजची दोन पेये धरून २३० डॉलर ठेवले आहेत. ते एकच घेतात, पण सासऱ्याने एकाचाच हिशेब केला हे बरे दिसणार नाही. कॉफीचे ५०, मुलांचे १०० आणि एका फोटोचे ६० झाले. अनपेक्षित खर्चासाठी २०० वेगळे ठेवले, म्हणजे खात्यावरची कमाल मर्यादा ६४० डॉलर होते. सगळे मिळून २,४६७ डॉलर.

श्री. हिशेबनीस यांचा सल्ला मानून नोटाच नेणार आहे. आधी भरायच्या रकमा माझ्या कार्डाने भरल्या असत्या तर अधिभारातच चौपन्न डॉलर गेले असते, हा हिशेब मी करून पाहिला. तेवढ्यात फोटो निघतो. टिप काढण्याची सूचना ज्यांनी केली त्यांचा राग नाही, परंतु वेंगुर्ल्याच्या गृहस्थांचे म्हणणे मला पटले. नातवंडांची कार्डे पहिल्या दिवशीच मर्यादित करण्याचे काम मुलीने माझ्यावर सोपवले आहे, म्हणजे वाईटपणा माझ्याकडे आला. नातीला आठवड्याचे साठ डॉलर देण्याचे ठरले आणि तिने ते सत्तरवर नेले, धाकट्याला तीस उरले. त्याला अजून सांगितलेले नाही.

एक शंका राहिली. सौभाग्यवतींना सकाळी उठल्याबरोबर आल्याचा चहा लागतो. कॉफीचे पन्नास धरले आहेत त्यात हा चहा येईल का, की त्याची वेगळी तरतूद करावी? घरून छोटी विजेची किटली नेण्याचा त्यांचा विचार आहे.

---

दर्यावर्दी_वेंगुर्ला

किटली नेऊ नका. पाणी तापवणारी उपकरणे आगीच्या भीतीने जहाजावर चालत नाहीत, सामान तपासताना ती काढून घेतात आणि परतीच्या दिवशी ती परत घेण्यासाठी रांगेत उभे राहावे लागते. वेगळ्या तरतुदीचीही गरज नाही. पैसे पडतात ते फेसाळ कॉफीला, साधा चहा आणि उकळते पाणी बुफेवर फुकट आहे. काकूंनी घरून चहाची पूड, सुंठ-वेलचीचा मसाला, एक गाळणे आणि झाकणाचा थर्मास न्यावा आणि पाणी तिथून भरून घ्यावे. पहाटे बुफे उघडण्याआधी चहा लागत असेल तर थर्मास रात्रीच भरून खोलीत ठेवावा. दुधाच्या छोट्या कुप्या बुफेवर मिळतात, पण त्यांत घरच्या चहाचा रंग येत नाही, त्यामुळे वाढप्याकडे गरम दूध मागून घ्यावे. तो मालवणी निघाला तर त्याच्यासाठीही एक कप करावा, त्याने महिनोन्महिने तसला चहा प्यायलेला नसतो.